चवदार तळ्याचे कागद

२० मार्च १९२७ आपल्याला तोंडपाठ आहे. पण सभेत कुणी उठून विचारतो, "तळं तर कायद्यानं आधीच खुलं होतं ना?" तेव्हा नुसत्या घोषणेवर भागत नाही. कागद काढावा लागतो.

मुंबई कौन्सिलातला सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव बघा. मग महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तीन वर्षं ठराव दप्तरात आणि आपली माणसं तळ्याबाहेर! आपण पाणी प्यालो, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला. हे औदार्य असलं!

'बहिष्कृत भारत' निघालं ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे चौदाच दिवसांनी. बाबासाहेबांचे अग्रलेख मुळातूनच वाचा. महाराष्ट्र सरकारनं १९९० मध्ये ते अंक पुन्हा छापलेत. घटनाक्रमाला खैरमोड्यांचे चरित्रखंड आहेतच.

पण विरोधकांचा दावा सोडू नका, खरा माल तिथं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये ते दिवाणी कोर्टात गेले. म्हणाले, अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार वहिवाट. नऊ वर्षांहून जास्त खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं, अशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. निकाल इंग्रजीत आहे, रुक्ष आहे. कायद्याच्या रिपोर्टांत छापलेला आहे. तालुक्याच्या वकिलाकडे मागा, नकलून आणा, वस्तीत मोठ्यानं वाचा.