केलं, केलं आहे, केलं होतं: व्यापाराच्या हिशेबातून इंग्रजीचे काळ

पेट पास झालात, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. अशा टप्प्यावरच्या मित्रांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांचं विज्ञान पक्कं असतं आणि प्रयोगही नीट आखलेला असतो, पण इंग्रजी क्रियापदांचा काळ दर दुसऱ्या ओळीला घसरतो. कुठे 'हॅड' उगाच येतं, कुठे 'हॅव' हवं तिथे नसतं. मग गाइड लाल पेनाने 'टेन्स!' एवढंच लिहून मसुदा परत देतात. नेमकं काय चुकलं ते कोणी सांगत नाही.

मी स्वतः विज्ञानाचा पदव्युत्तर, व्याकरणाचा नाही. म्हणून नियमांची यादी देत नाही. हे काळ मला समजले ते व्यापाराच्या इतिहासातून, म्हणजे कोणी काय विकलं, कोणाचं देणं राहिलं आणि कोणाला आधीपासून माहीत होतं, या प्रश्नांतून. त्याच वाटेने तुम्हालाही नेतो.

आधी वही उघडू

शहागंजात घड्याळाच्या टॉवरपासून गांधी पुतळ्याकडे चालत गेलात, तर बाजारात आजही एखाद्या जुन्या दुकानात लाल कापडाची खातेवही दिसेल. त्या वहीत तीन प्रकारच्या गोष्टी असतात.

एक, तारखेची नोंद: अमुक दिवशी इतके दिले. व्यवहार झाला, तारीख पडली, विषय संपला. हा साधा भूतकाळ, इंग्रजीतला सिंपल पास्ट. 'ही पेड ऑन मंडे.'

दोन, आजची बाकी. आतापर्यंत काय आलं, काय यायचं आहे. इथे व्यवहार जुना असेल, पण आकडा आजचा आहे. हा प्रेझेंट परफेक्ट. 'ही हॅज पेड हाफ.' कधी दिले हे विचारलेलंच नाही. आज परिस्थिती काय, ते सांगितलं आहे.

तीन, मागील बाकी. नवीन पानावर पहिली ओळ असते ती मागच्या पानावरून पुढे आणलेल्या रकमेची. या पानावर जे घडलं त्याच्याही आधी जे घडून गेलं होतं, ते. हा पास्ट परफेक्ट. 'ही हॅड पेड बिफोर द शॉप क्लोज्ड.'

आता अडचण बघा. मराठीतही 'केलं', 'केलं आहे', 'केलं होतं' असे तीन प्रकार आहेत. शाळेत त्यांना साधा भूतकाळ, पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणतात. नावं इंग्रजीशी इतकी जुळतात की आपण एकास एक भाषांतर करतो, आणि तिथेच फसतो. 'मी काल शहागंजला गेलो होतो' हे मराठीत एकदम बरोबर आहे. त्याच्या आधी-नंतर दुसरी घटना असण्याची गरज नाही. इंग्रजीत मात्र 'आय हॅड गॉन टू शहागंज यस्टरडे' ऐकलं की समोरचा थांबतो आणि विचारतो, 'कशाच्या आधी?' तिथे हवं साधं 'वेंट'. तसंच 'मी काल फॉर्म भरला आहे' आपण सहज म्हणतो, पण इंग्रजीत 'हॅव' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात नांदत नाहीत. तारीख आली की 'हॅव' गेलं.

आणि गंमत म्हणजे दुकानदार आतून 'आलो, आलो!' म्हणतो तेव्हा तो आलेला नसतोच. मराठीचा भूतकाळ भविष्यालाही हात घालतो. इंग्रजीचा इतका मनमोकळा नाही.

एका घरातले दोन भाऊ

ही नावं इतकी जुळतात यामागे इतिहास आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. त्यांना पुढे मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हटलं गेलं. त्या वेळी मुंबईत नव्या शाळा निघत होत्या, इंग्रजी शिकलेली पहिली पिढी तयार होत होती, आणि दादोबांसमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. म्हणजे आपण शाळेत मराठी व्याकरण म्हणून जे शिकतो, त्याच्या मांडणीवर सुरुवातीपासूनच इंग्रजीची सावली आहे. चौकट इंग्रजीची, भाषा मराठीची. चौकट सारखी दिसली म्हणून आतला वापर सारखा असेलच असं नाही, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

याच दादोबांचे भाऊ भास्कर पांडुरंग. त्यांनी १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वर्तमानपत्रात आठ पत्रं लिहिली. खाली सही होती 'अ हिंदू'. विषय होता कंपनी सरकारचा व्यापार आणि कारभार: इथली संपत्ती बाहेर कशी जाते, इथले कारागीर आणि इथले धंदे त्या व्यापारी धोरणामुळे कसे बुडाले. एक भाऊ क्रियापदांचे काळ लावत होता आणि दुसरा राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांचा हिशेब मांडत होता.

दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, रामकृष्ण विश्वनाथ यांचं मराठी पुस्तक आलं. त्याचं लांबलचक नाव मुद्दाम सांगतो: 'हिंदुस्थानची प्राचीन व सांप्रतची स्थिती व पुढे काय त्याचा परिणाम होणार याविषयी विचार'. नावातच तीन काळ आहेत! पूर्वी काय होतं, आज काय आहे, पुढे काय होईल. आर्थिक प्रश्न असाच मांडावा लागतो, हे त्या लेखकाने ओळखलं होतं. भास्कर तर्खडकर, रामकृष्ण विश्वनाथ आणि 'प्रभाकर' साप्ताहिकाचे भाऊ महाजन या तिघांना इतिहासकार जे. व्ही. नाईक यांनी दादाभाई नौरोजींच्या आर्थिक विचाराचे पूर्वसुरी म्हणून आपल्यासमोर आणलं.

दादाभाईंनी नोकरी नव्हे, भागीदारी सोडली

दादाभाई हे आपल्यासारख्यांना जवळचे, कारण ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत. १८५५ मध्ये ते कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. ब्रिटनमधली ही पहिली भारतीय व्यापारी पेढी. पण पेढीच्या व्यवहारात अफू आणि दारू होती. तो नफा दादाभाईंना पटला नाही आणि काही वर्षांतच ते बाहेर पडले. १८५९ मध्ये त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. आज कंपन्या 'एथिकल ट्रेड' म्हणजे नीतीने व्यापार अशी धोरणं छापतात. हा माणूस तेव्हा स्वतःच्या खिशातून त्याची किंमत मोजत होता.

या एका प्रसंगावर तिन्ही काळ लावून पाहू.

'द फर्म सोल्ड ओपियम.' पेढीने अफू विकली. इतिहासातली नोंद. त्या पेढीबद्दल आज लिहिताना हेच बरोबर, कारण तो व्यवहार केव्हाच बंद झाला.

'द फर्म हॅड सोल्ड ओपियम बिफोर ही लेफ्ट.' ते बाहेर पडले त्याआधीच विक्री झाली होती. दोन घटनांचा क्रम ठरला. त्यांनी का सोडलं, याचं कारणही याच क्रमात आहे.

'द फर्म हॅज सोल्ड ओपियम.' हे वाक्य १८५८ च्या पत्रात शोभलं असतं. तेव्हा लिहिणाऱ्यासाठी त्याचा अर्थ झाला असता: याचा डाग आज आपल्यावर आहे, आता काय करायचं ते बोला.

२ मे १८६७ रोजी दादाभाईंनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचला, त्याचं नाव 'इंग्लंड्स डेट टू इंडिया', म्हणजे इंग्लंडवरचं भारताचं देणं. पुढे 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' हा मोठा ग्रंथ १९०१ साली आला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: इथल्या करातून इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी आणि लंडनमधले खर्च भागवले जातात, माल आणि पैसा बाहेर जातो, पण त्याच्या बदल्यात तेवढं परत येत नाही. राज्यकर्त्यांना हे सगळं जुन्या नोंदीसारखं मांडणं सोयीचं होतं. 'देणं' हा शब्द वापरून दादाभाईंनी ती नोंद बाकीच्या रकान्यात नेली. प्रेझेंट परफेक्ट हेच काम करतो. घटना जुनी असते, खातं बंद झालेलं नसतं.

घरचं उदाहरण: हिमरू

आता आपल्या शहरात परत येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला औरंगाबाद नाव दिलं. २०२३ पासून शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. पहिल्या दोन वाक्यांचं इंग्रजी सोपं आहे, 'फाउंडेड' आणि 'नेम्ड', कारण तारखा संपलेल्या आहेत. तिसऱ्यात मराठीत नुसतं 'आहे' पुरतं. इंग्रजीत 'इज सिन्स २०२३' चालत नाही, 'हॅज बीन सिन्स २०२३' लागतं. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचं 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं ते याच कारणाने. बरोबर वाक्य: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'.

पण मराठीत हा अर्थ सांगायची सोय नाही असं समजू नका. हिमरू विणणाऱ्या घराबद्दल आपण म्हणतो, 'ते पिढ्यान्‌पिढ्या विणत आले आहेत.' हे 'विणत आले आहेत' म्हणजे प्रेझेंट परफेक्टचा सख्खा भाऊ. मागून सुरू झालं आणि आजपर्यंत पोहोचलं. इंग्रजीत 'हॅव' लावायचं की नाही अशी शंका आली, तर मराठी वाक्यात '-त आले आहेत' बसतं का ते पाहा. चालू असलेल्या कामांसाठी ही कसोटी बहुतेक वेळा पुरते.

हिमरू म्हणजे सूत आणि रेशमाचं मिश्र विणकाम, या शहराची ओळख. हातमाग आता मोजकेच उरले आणि यंत्रमागावरचं कापड त्याच नावाने स्वस्तात मिळतं. समजा एखाद्या पाटीवर लिहिलं, 'वुई वोव हिमरू बाय हँड.' खोटं नाही, कधीकाळी विणलं असेल. गिऱ्हाईक मात्र ते 'वुई हॅव वोव्हन' असं, म्हणजे आजपर्यंत विणत आलोय असं समजून पैसे मोजतं. मालक एका काळात बोलतो, गिऱ्हाईक दुसऱ्या काळात ऐकतं, आणि फरकाची किंमत विणकराच्या वाट्यातून जाते.

'हॅड' म्हणजे आधी कोणाला माहीत होतं

पास्ट परफेक्ट पुष्कळांना शोभेचा वाटतो. तो किती गंभीर असू शकतो, हे ढाक्याजवळच्या सावरमध्ये दिसलं. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. १,१३४ जण मेले.

हे सगळं साध्या भूतकाळात सांगता येतं: इमारतीला भेगा पडल्या, इमारत कोसळली, कामगार मेले. एकामागून एक, जणू नैसर्गिक आपत्ती. आता हे वाचा: 'द क्रॅक्स हॅड अपिअर्ड द डे बिफोर.' भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली होती. तरीही शिवणकामगारांना सकाळी आत बोलावलं गेलं. एका 'हॅड'मुळे अपघाताची गोष्ट जबाबदारीची गोष्ट झाली. कोणतीही चौकशी शेवटी हेच विचारते: घटना घडली तेव्हा तुम्हाला काय माहीत झालेलं होतं?

आता तुमचा मसुदा काढा

हे सगळं सिनॉप्सिसमध्ये कुठे लागतं ते सांगतो.

एक, एका ठरावीक संशोधनाबद्दल, सालासकट लिहिताय? सिंपल पास्ट. अमुक यांनी २०१५ मध्ये दाखवलं: 'शोड'.

दोन, आजवरच्या एकूण कामाबद्दल लिहिताय? प्रेझेंट परफेक्ट. 'सेव्हरल स्टडीज हॅव शोन.'

तीन, तुमची पद्धत. प्रयोग करून झाला असेल तर सिंपल पास्ट. एखादी पायरी त्याच्याही आधी झाली असेल आणि क्रमाने फरक पडत असेल, तेव्हाच 'हॅड'. नमुने वजन करण्याआधी वाळवले होते की नंतर, यावर निकाल बदलतो. तिथे 'हॅड बीन ड्राइड' लिहायला कंटाळू नका.

चार, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, रिसर्च गॅपचं: 'नो स्टडी हॅज एक्झॅमिन्ड...' लिहिताना हात थोडा थांबू द्या. 'हॅज' म्हणजे आजची बाकी. आजपर्यंतचं सगळं पाहिलं आणि कोणी हे केलेलं नाही, असं तुम्ही सही करून सांगताय. तुमचा शोध २०१८ पर्यंतच्या पेपरांवर थांबला असेल, तर हे वाक्य लिहायचा हक्क तुम्हाला अजून नाही. आधी उरलेले पेपर वाचा, मग 'हॅज' लिहा.

आज रात्री एवढंच करा: मसुद्यातलं प्रत्येक 'हॅव', 'हॅज' आणि 'हॅड' गोल करा आणि समोर पेन्सिलने लिहा, नोंद, आजची बाकी, की मागील बाकी. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, ते काढून टाका. पुढच्या लेखात कर्मणी प्रयोग घेऊ, म्हणजे 'चुका झाल्या' असं म्हणून करणारा कसा गायब होतो ते.