संशोधकांचा गोतावळा डेटावरून कसा शोधतात? ‘रायटिंग स्टडीज’चं उदाहरण

इन्स्टाग्राम तुम्हाला मित्राचा मित्र सुचवतं, कारण कोण कोणाला फॉलो करतं हे त्याला माहीत असतं. याच पद्धतीने एखाद्या अभ्यासशाखेतले लोक, त्यांचे गट आणि त्यांची आपसातली नाती शोधता येतात. कशी, ते एका खऱ्या उदाहरणातून पाहूया.

रायटिंग स्टडीज म्हणजे काय?

अमेरिकेत बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी लेखनाचा कोर्स करावा लागतो, मग विद्यार्थी इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा. लेखन कसं शिकवायचं, शब्दांनी समोरच्याला कसं पटवायचं, याचा अभ्यास म्हणजे ‘रेटरिक अँड रायटिंग स्टडीज’. या शिक्षकांची मोठी संघटना, कॉन्फरन्स ऑन कॉलेज कंपोझिशन अँड कम्युनिकेशन, १९४९ मध्ये सुरू झाली. तिचं जर्नल १९५० पासून निघतं.

नकाशा कसा बनतो?

प्रत्येक माणूस किंवा पेपर म्हणजे एक ठिपका, म्हणजेच नोड. दोघांत नातं असेल तर त्यांच्यामध्ये एक रेघ, म्हणजेच एज. खरा प्रश्न इथेच येतो: रेघ नेमकी कशाची?

१. सायटेशनची रेघ. पेपरच्या शेवटी कोणाकोणाचे संदर्भ दिलेत ते मोजायचं. दोन लेखकांचे संदर्भ अनेक पेपरमध्ये एकत्र येत असतील, तर त्यांना जवळ ठेवायचं. याला को-सायटेशन म्हणतात. हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली. डेरेक म्युलर यांनी वर सांगितलेल्या जर्नलमधले २५ वर्षांचे संदर्भ मोजले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. मोजकी नावं पुन्हा पुन्हा येत होती, पण बरीचशी नावं फक्त एकदाच. ग्राफवर ही एकेकदा आलेली नावं लांबलचक शेपटीसारखी दिसतात. म्हणजे ‘या विषयात सगळ्यांनी हेच वाचलेलं असतं’ असं धरून चालता येत नाही.

२. गुरु-शिष्याची रेघ. संगीतात घराणी असतात, तसंच इथेही कोण कोणाच्या हाताखाली शिकलं हे पाहता येतं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत सुरू झालेल्या ‘रायटिंग स्टडीज ट्री’ या प्रकल्पात लोक स्वतःच ही माहिती भरतात.

३. जागेची रेघ. जिम रिडॉल्फो यांचा ‘रेटमॅप’ पीएचडीचे कोर्स आणि नोकरीच्या जाहिराती नकाशावर दाखवतो. कुठे शिकता येईल, कुठे काम मिळेल, हे विद्यार्थ्याला त्यातून कळतं.

लोक तेच, पण रेघ बदलली की चित्र बदलतं.

सगळ्यात किचकट काम

सॉफ्टवेअर काही सेकंदांत चित्र काढून देतं. वेळ जातो तो नावं साफ करण्यात. ‘एस. पाटील’ नावाचे किती संशोधक असतील, विचार करा! उलट लग्नानंतर आडनाव बदललं, तर एकाच बाईचे दोन ठिपके होतात. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड ही १६ अंकी ओळख सुरू झाली, पण जुन्या पेपरवर ती कुठून असणार?

नकाशात कोण दिसत नाही?

अमेरिकेत लेखनाचे हे कोर्स मोठ्या प्रमाणावर कंत्राटी शिक्षक शिकवतात. दिवसभर वह्या तपासणाऱ्या माणसाला पेपर लिहायला वेळ कुठला? त्याने हजारो मुलांना लिहायला शिकवलं तरी सायटेशनच्या नकाशात तो नसतो. भाषेचंही तसंच. मोठ्या डेटाबेसचा कल इंग्रजी जर्नल्सकडे आहे, त्यामुळे मराठीत लिहिलेलं चांगलं संशोधनही बऱ्याचदा त्यात सापडत नाही. अशा आकड्यांवरून बढती किंवा निधी ठरायला लागला, की जो डेटात नाही त्याचं खरंखुरं नुकसान होतं.

स्वतः करून पाहा

२०२२ मध्ये सुरू झालेल्या ओपनअ‍ॅलेक्सचा डेटा खुला आहे. फोनच्या ब्राउझरवर त्याची साइट उघडा आणि आवडीचा विषय शोधा. नकाशा काढायचा असेल तर लॅपटॉपवर व्हीओएसव्ह्यूअर वापरा. हे फ्री सॉफ्टवेअर नेदरलँड्सच्या लायडन युनिव्हर्सिटीत तयार झालं आहे.

असा कुठलाही नकाशा समोर आला की तीन गोष्टी तपासा:

- रेघ कशाची आहे?
- डेटा कुठून आणि कोणत्या वर्षांचा आहे?
- कोण सुटलं असण्याची शक्यता आहे?