एका रात्रीत, एकाच दगडात?

डोंबिवलीत वाढलेल्या मला अंबरनाथचं शिवमंदिर आधी आजीच्या गोष्टीतून भेटलं. पांडवांनी ते एका रात्रीत, एकाच दगडातून घडवलं. उजाडलं आणि शिखर अर्धवट राहिलं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून वर पाहिलं की खरंच आभाळ दिसतं. त्यामुळे बरीच वर्षं मी हे खरं मानत होते.

मग एकदा बाहेरच्या भिंतीला नाक लावून पाहिलं. मूर्तींच्या मधून दगडांचे सांधे गेलेले दिसले. वेरूळचं कैलास डोंगरातून कोरलंय. हे मात्र चिऱ्यावर चिरा ठेवून रचलंय. इथल्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इ.स. 1060. राजा शिलाहार घराण्यातला माम्वाणी. ज्या हेमाडपंताच्या नावावर आपण सगळी जुनी देवळं खपवतो, तो यानंतर दोनशे वर्षांनी झाला.

दगड आपलाच, काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मलंगगडाचे कडेही त्याचेच.

तिकडे मध्य अमेरिकेत, याच्या काही शतकं आधी, माया लोक तिकालसारखी शहरं बांधत होते. त्यांचा दगड चुनखडीचा. खाणीतून ताजा निघाला की मऊ असतो, त्यामुळे लोखंडाशिवाय, दगडी हत्यारांनीही कापता यायचा. तोच भाजून चुना व्हायचा, चुन्याचा गिलावा व्हायचा. खाणींच्या खड्ड्यांत पावसाचं पाणीही साठवत.

बेसाल्ट अशी कुठलीच सवलत देत नाही. लोखंडी छिन्नीलाही पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. तो भाजून चुना होत नाही. मूर्तीचं बोट तुटलं तर गिलाव्याखाली झाकायची सोय नाही. अंबरनाथची प्रत्येक भिंत अशी हातांनी, ठोक्याठोक्याने घडली आहे.

ते हात कोणाचे? शिलालेखात राजा आहे, त्याचे अधिकारी आहेत. दगड फोडणारे नाहीत. आजीच्या गोष्टीतही नाहीत. तिथे त्यांची मजुरी पांडवांच्या खात्यावर जमा झाली.

परवा शिळफाट्याकडून येताना कापलेला डोंगर दिसला. हाच दगड आता क्रशरमध्ये खडी होतो आणि आपल्या स्लॅबमध्ये जातो. बिल्डरचं नाव आमच्या गेटवर मोठ्या अक्षरांत आहे.

भाचीला मी गोष्ट सांगते, पण थोडी बदलून: खूप माणसं होती, खूप वर्षं लागली.