जुनी एअर-कूल्ड पोर्शे ९११ ‘रिस्टोअर्ड आणि अपग्रेडेड’ म्हणून विकायला येते, तेव्हा नक्की काय विकलं जातं?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे जाणारा रस्ता म्हणजे गाड्यांचं फुकटचं प्रदर्शन. मुळशी धरणाच्या कडेला कुणाची जुनी जीप उभी असते, कुणाची बुलेट, कुणाची कोट्यवधींची जर्मन गाडी. गाड्यांचं वेड असलेल्या माणसाच्या मोबाईलवर मग तशाच रील येत राहतात. त्यात एक हमखास असते. गोल डोळ्यांचे हेडलाइट, मागे उतरत गेलेली पाठ, चकचकीत रंग, आणि खाली ओळ: ‘क्लासिक एअर-कूल्ड कूपे, पूर्ण रिस्टोअर्ड, अपग्रेडेड, विक्रीसाठी.’

दहापैकी नऊ वेळा ती गाडी पोर्शे ९११ असते. किंमत परदेशी चलनात असते, आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतोच, ‘भारतात आणता येईल का?’ उत्तर त्या जाहिरातीतल्या तीन शब्दांत दडलेलं आहे. एअर-कूल्ड, रिस्टोअर्ड आणि अपग्रेडेड. परदेशात या तिन्ही शब्दांनी किंमत वाढते. भारतात तिसरा शब्द गाडीची नोंदणीच अडवू शकतो.

आधी एअर-कूल्ड म्हणजे काय ते बघू.

इंजिन तापतं, ते थंड करावं लागतं. आजच्या बहुतेक कारमध्ये हे काम रेडिएटर आणि कूलंट करतात. बुलेटच्या सिलिंडरवर मात्र बाहेरून धातूच्या पातळ पट्ट्या दिसतात. वारा त्या पट्ट्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. चेतक स्कूटरचं इंजिन झाकलेलं असल्यामुळे तिथे वारा आपोआप पोचत नाही, म्हणून पंखा बसवलेला असतो. आकुर्डीत बनलेल्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांचंही तसंच. इंजिन मागे, थंड करायला पंखा.

ऐकायला गंमत वाटेल, पण जुन्या ९११ ची मांडणी तत्त्वतः रिक्षासारखीच आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि ते थंड करायला बेल्टवर फिरणारा मोठा पंखा. फरक एवढाच की इथे सहा सिलिंडर आहेत, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले. ही परंपरा फोक्सवॅगन बीटलपासून आलेली. फर्डिनांड पोर्शे यांनी बीटल बनवली, तिचेच भाग वापरून १९४८ मध्ये पोर्शे ३५६ तयार झाली, आणि ३५६ ची जागा घ्यायला १९६३ च्या फ्रँकफर्ट मोटार शोमध्ये नवी गाडी मांडली गेली. तिचं नाव होतं ९०१. मधे शून्य असलेली तीन आकडी नावं फ्रान्समध्ये आमची आहेत, असं प्यूजोने सांगितलं, आणि ९०१ ची ९११ झाली. पहिलं इंजिन दोन लिटरचं, १३० हॉर्सपॉवरचं.

‘एअर-कूल्ड’ हा शब्द अर्धाच खरा आहे. या इंजिनाला वाऱ्याइतकंच ऑइल थंड ठेवतं. ते इंजिनाच्या तळाशी साठत नाही, वेगळ्या टाकीत राहतं, आणि त्याचं प्रमाण साध्या कारच्या दुपटीहून जास्त असतं. त्यामुळे ऑइलची पातळी बघायची पद्धतही उलटी. आपल्याकडे गाडी बंद करून, थंड झाल्यावर डिपस्टिक काढतात. ९११ मध्ये इंजिन पूर्ण तापलेलं, चालू, आणि गाडी सपाट जागेवर हवी. हे माहीत नसलेला मेकॅनिक थंड इंजिनात ‘ऑइल कमी आहे’ म्हणून लिटरभर जास्त ओततो आणि थोड्या वेळाने मागून निळा धूर निघतो.

ही पद्धत १९९८ पर्यंत चालली. ध्वनी आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेली हेड नुसत्या हवेने थंड ठेवणं अवघड होतं. ‘९९३’ ही शेवटची एअर-कूल्ड पिढी. त्यानंतरची ‘९९६’ पाण्यावर गेली. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली आणि हळूहळू एअर-कूल्ड गाड्यांचे भाव चढायला लागले. आता त्या परत बनणार नाहीत, एवढं एक कारण त्याला पुरेसं होतं.

दुसरा शब्द रिस्टोअर्ड. याचा सरळ अर्थ, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी परत करणं. तोच रंग, तेच कापड, तेच इंजिन. चांगल्या रिस्टोरेशनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे नंबर मूळ नोंदींशी जुळतात, आणि त्या जुळण्याला मोठी किंमत आहे.

या गाडीचा खरा शत्रू इंजिन नाही, गंज आहे. पोर्शेने गाडीचा सांगाडा जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यापासून बनवायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकाच्या मध्यात. त्याआधीच्या गाड्या हेडलाइटभोवती, पुढच्या बॅटरीच्या जागी, दाराखालच्या पट्टीत आणि मागच्या सस्पेन्शनच्या नळीपाशी सडतात. वरून रंग इतका सुंदर असतो की आत काय चाललंय ते कळत नाही. आपल्याकडचा जुना डेंटर जे करतो तेच इथेही उपयोगी पडतं. लोहचुंबकाला मऊ फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. रिस्टोरेशनचे फोटो मागताना तयार गाडीचे मागू नयेत. रंग खरवडून उघडा केलेल्या सांगाड्याचे मागावेत. विक्रेत्याकडे ते नसतील तर ‘पूर्ण रिस्टोअर्ड’ म्हणजे नवा रंग आणि नव्या सीट, एवढंच समजावं.

आता तिसरा शब्द, आणि भारतातला सगळा घोळ इथे आहे.

अपग्रेडेड म्हणजे गाडी मूळ होती त्याहून चांगली करणं. मोठं इंजिन, नवे ब्रेक, आधुनिक सस्पेन्शन, चालणारा एसी. या प्रकाराला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव सिंगर. कॅथरीन व्हील या ब्रिटिश बँडचा गायक रॉब डिकिन्सन याने २००९ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. ग्राहक आपली १९८९ ते १९९४ मधली ‘९६४’ पिढीची ९११ आणून देतो. सिंगर ती सुटी करते, बाहेरचे बहुतेक भाग कार्बन फायबरचे बसवते, इंजिन नव्याने बांधते आणि गाडीला जुन्या काळचा चेहरा देते. एका गाडीचा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. तरीही आपण पोर्शे बनवतो असं सिंगर म्हणत नाही, मालकाची गाडी नव्याने घडवून देतो असं म्हणते. कागदोपत्री ती गाडी जुनीच राहते.

सिंगरच्या आधीपासून आणि नंतरही अनेक छोटी गॅरेजं हे काम कमी पैशांत करतात. नव्या पिढीच्या गाडीला जुना चेहरा लावण्याला ‘बॅकडेट’ म्हणतात. यात सगळ्यात जास्त नक्कल होते ती १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ची, बदकाच्या शेपटीसारखा मागचा स्पॉयलर असलेल्या गाडीची. मूळ आरएस बनल्या फक्त १,५८०. रीलमध्ये दिसतात त्या बहुतेक सगळ्या नकला. यात फसवणूक असतेच असं नाही, प्रामाणिक विक्रेता तसं स्पष्ट लिहितो. पण चेहरा १९७३ चा आणि कागद १९९० चा, ही गोष्ट भारतातल्या खरेदीदाराला सगळ्यात महाग पडू शकते. कारण कस्टम्स आणि आरटीओ चेहरा बघत नाहीत, कागद बघतात.

भारतात वापरलेली कार आयात करायची तर सर्वसाधारण नियमाने ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. म्हणजे १९९० ची ९६४ तिथेच संपली. जुन्या गाड्यांसाठी वेगळी वाट होती, पण ती फक्त १९५० च्या आधीच्या गाड्यांना. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झालेली ९११ त्यात कधीच बसत नव्हती. २०२५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ही अट सरकती केली. आता ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते आणि दरवर्षी एक नवं वर्ष त्यात जमा होतं. शुल्क मात्र गाडीच्या किमतीहून जास्त बसतं, ते हिशेबात धरूनच पुढे जावं.

आता योगायोग बघा. सरकत्या नियमाने आज नव्याने टप्प्यात येतात त्या १९७० च्या दशकाच्या मधल्या ९११. नेमक्या याच साली साध्या ९११ ला २.७ लिटरचं इंजिन होतं. त्याचं क्रँककेस मॅग्नेशियमचं, वजनाला हलकं पण उष्णतेला कच्चं. ते तापलं की सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड आपल्या आट्यांसकट उपटून येतात. पोर्शेने १९७८ च्या मॉडेलला ॲल्युमिनियमचं क्रँककेस देऊन हा प्रश्न मिटवला. तोवरच्या गाड्यांचे मालक एक तर नव्या आट्या बसवून घेतात, नाही तर पुढच्या काळातलं तीन लिटरचं किंवा त्याहून मोठं इंजिन टाकतात. जाहिरातीतला ‘अपग्रेड’ बऱ्याचदा हाच असतो. तांत्रिकदृष्ट्या तो शहाणपणाचा निर्णय आहे. भारतीय नियमांत मात्र तो अंगाशी येतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते, पण मूळ स्वरूपात असेल तरच. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती विंटेज नाही. म्हणजे मोठं इंजिन टाकलेली, बॉडी बदललेली ९११ कितीही जुनी असली तरी या दारातून आत येत नाही. दुसऱ्या दारावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उभं आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल त्यात चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच अधोरेखित केलं. सायलेन्सर बदललेल्या बुलेटवाल्यांना पोलिसांनी थांबवलं की आठवतो तोच हा कायदा.

त्यामुळे इथल्या खरेदीदाराने जाहिरात उलटी वाचायला हवी. परदेशातला माणूस ‘३.६ लिटर इंजिन, फायबरची बॉडी, मोठे ब्रेक’ वाचून खूश होतो. भारतात आणणाऱ्याला हवी असते ती थोडी कंटाळवाणी, मूळ इंजिनाची, नंबर जुळणारी गाडी. दुरुस्तीची बिलं, इंजिन नंबरचा फोटो आणि पहिल्या नोंदणीचा कागद हे तिन्ही पैसे पाठवण्याआधी हातात हवेत. देशात आधीच रीतसर नोंदलेली एखादी जुनी गाडी मिळाली तर हा बराचसा त्रास वाचतो, पण तिथेही आरसीवरचा इंजिन नंबर आणि प्रत्यक्ष इंजिनावरचा नंबर स्वतः ताडून बघावा.

विंटेज नोंदणीची प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. परिवहन पोर्टलवर अर्ज, विम्याचा कागद, आयात असेल तर बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो.

आणि इथे ताम्हिणीचं स्वप्न अडतं. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. रविवारी सकाळी पौडला मिसळ खाऊन घाटात एक फेरी मारणं या यादीत कुठेच बसत नाही. ज्या कामासाठी माणूस ही गाडी घेतो, नेमकं तेच काम.

रॅलीच्या निमित्ताने घाटात नेलीच, तर दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो. त्यामुळे मोकळ्या घाटात गाडी निवांत असते, पण भूगावच्या कोंडीत अर्धा तास उभी राहिली की ऑइलचा काटा चढायला लागतो. पंख्याचा बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, कारण अल्टरनेटर त्याच पंख्याच्या मधोमध असतो. तो दिवा दिसला की ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही, तिथेच थांबायचं. दुसरी गोष्ट वळणाची. वजन मागे असल्यामुळे वळणाच्या मध्यात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू बाहेर फिरते. ब्रेक वळणाआधी मारायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा. ओल्या ताम्हिणीत तर नक्कीच.

उरला मुळशीचा पाऊस. इथल्या फार्महाऊसच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर कव्हर घालून ठेवलेली जस्ताचा थर नसलेली गाडी आतून गंजायला चार महिने पुरेसे आहेत. प्लास्टिकचं कव्हर तर ओल आत कोंडून ठेवतं. कोरडी बंद जागा, सुती कव्हर, बॅटरीला जोडलेला छोटा चार्जर, आणि दर दोन आठवड्यांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवणं, एवढं जमणार असेल तरच गाडी तालुक्यात ठेवावी. नाही तर ती पुण्यातल्या इमारतीखालच्या कोरड्या पार्किंगमध्ये जास्त सुखी राहते. आणि पुढे कधी विकावीशी वाटली तर विंटेज गाडीची खरेदी-विक्री चालते, फक्त विकणारा आणि घेणारा या दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं.