पितळी पुंगळीची धुलाई

बार उडाला की काडतुसातली गोळी जाते, दारू जळते, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी निकामी होते. शाबूत राहते ती पितळी पुंगळी. काडतुसाच्या चार भागांत हाच भाग घडवायला सर्वांत अवघड, आणि पुन्हा भरून वापरता येतो तोही हाच. भरण्याआधी ती साफ करावी लागते. या सफाईच्या पद्धती गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलल्या, कारण दारूतले आणि टोपीतले रसायन बदलत गेले आणि त्याबरोबर पुंगळीत उरणारी घाणही बदलली. लखलखीत पुंगळी आतून पार खचलेली असू शकते, हे या व्यवसायाला फार महागात पडून कळले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे उरणारे असे काही नव्हतेच. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. ती फाडून दारू नळीत ओतायची. १८५७च्या उठावाचे निमित्त ठरलेली एनफिल्डची काडतुसे याच जातीची. पुढे १८६६च्या सुमारास ब्रिटनमध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलसाठी पितळी पत्रा गुंडाळून केलेले काडतूस तयार केले. त्याच काळात अमेरिकेत हायरम बर्डन यांनी वेगळ्या रचनेची टोपी काढली. बर्डन यांच्या रचनेत टोपीमागची ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि ठिणगी आत जाण्यासाठी बाजूला दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीतच बसवलेली आणि छिद्र एकच, मधोमध. त्यामुळे जळकी टोपी आतून एका सळईने ढकलून काढता येते आणि तिची खाच सहज खरवडता येते. पुढे घडले ते उलटेच: अमेरिकी बर्डनची टोपी युरोपात रुजली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत. पुंगळ्या घरी धुऊन पुन्हा भरण्याची परंपरा अमेरिकेत इतकी पसरली, त्यामागे या मधल्या छिद्राचा वाटा मोठा आहे.

बॉक्सरची गुंडाळीची पुंगळी मात्र टिकाऊ नव्हती. १८८५मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये अशा पुंगळ्या अडकून बसल्या. त्यानंतर पितळेच्या एका चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढून केलेली अखंड पुंगळी ब्रिटिश सैन्यातही रूढ झाली. तिचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे. आजही तेच प्रमाण चालते.

काळ्या दारूच्या काळात सफाईचे काम कष्टाचे असले तरी सरळ होते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. सल्फाइडमुळे पितळ काळे पडते आणि काही दिवसांत त्यावर खड्डे दिसू लागतात. मात्र हे सगळे पाण्यात विरघळते. म्हणून नेमबाजी आटोपताच, काजळी वाळून घट्ट होण्याआधी, पुंगळ्या पाण्यात टाकायच्या, साबणाच्या गरम पाण्याने आतून घासायच्या आणि पूर्ण वाळवायच्या असा रिवाज पडला. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांत शार्प्स रायफली घेऊन रानगव्यांची शिकार करणाऱ्यांना शहरातून काडतुसे आणणे परवडत नसे. तळावर शिसे वितळवून गोळ्या ओतणे आणि पुंगळ्या धुऊन भरणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. १८८४मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी काढली आणि चिमट्याच्या आकाराचे भरणीचे हत्यार घरोघरी पोचवले. अमेरिकी सैन्यानेही १८८०च्या दशकात सरावासाठी पलटणींना भरणीची हत्यारे दिली.

मग धूरविरहित दारू आली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी ती १८८४मध्ये सिद्ध केली, ब्रिटनने १८८९मध्ये कॉर्डाइट काढले. नव्या दारूची काजळी नाममात्र, त्यामुळे पुंगळीची सफाई सोपी होईल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पुंगळ्या एकदोन बारांनंतर काचेसारख्या ठिसूळ होऊन तडकू लागल्या, आणि त्याही दिसायला स्वच्छ असताना. दोष टोपीतल्या पाऱ्याचा होता. टोपीत पाऱ्याचे फल्मिनेट असे. बार होताच पारा सुटा होऊन पितळेच्या कणांमधल्या फटींत शिरतो आणि धातूचे सांधे सैल करतो. काळ्या दारूची दाट काजळी हा पारा बराचसा आपल्यात अडकवून ठेवत असे आणि धुण्याबरोबर तो निघूनही जात असे. ज्या घाणीला सगळे कंटाळले होते तिनेच पितळ वाचवले होते. नव्या दारूत तो आडोसा राहिला नाही, दाबही वाढला. हे नुकसान बाराच्या क्षणीच होते, त्यामुळे नंतर कितीही धुतले तरी उपयोग नव्हता. अमेरिकी सैन्याच्या फ्रँकफर्ड आर्सेनलने १८९८च्या सुमारास पारा सोडून पोटॅशियम क्लोरेटची टोपी घेतली. पुंगळ्या वाचल्या, पण क्लोरेटमागे पोटॅशियम क्लोराइड उरते. मिठासारखाच हा क्षार दमट हवेत रायफलीची नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो, त्यामुळे नळीलाही पुन्हा पाणी लावणे आले. जर्मनीत १९२८मध्ये आलेल्या सिनॉक्सिड टोपीने पारा आणि क्लोरेट दोन्ही बाजूला सारले. तिच्यात शिशाचे स्टिफनेट होते, आणि शिशाचा प्रश्न पुढे सफाई करणाऱ्यांपुढे उभा राहिला.

पितळाच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा धडा भारतातल्या पावसाळ्याने दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याच्या इथल्या कोठारांत न वापरलेली काडतुसेही आपोआप तडकू लागली. तडे पावसाळ्यात जास्त पडत, आणि विशेषतः घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या साठ्यात. घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांच्या संगतीत, ओढकामाचा ताण अंगात राहिलेले पितळ टिकत नाही, याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१मध्ये केला. अमोनिया, ओल आणि ताण ही तिन्ही एकत्र आली तरच तडा जातो. उपायही यातूनच मिळाला: घडलेली पुंगळी मंद आचेवर तापवून तिच्यातला ताण घालवायचा. ताण उरला आहे का हे तपासायला पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण वापरले जाऊ लागले. सदोष पितळ त्यात लगेच फुटते. सैनिकी काडतुसाच्या मानेवर अनेकदा निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तापवण्याची खूण. नागरी बाजारात ती पुसून टाकतात, सैन्याच्या मालावर तशीच राहू देतात. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश पुंगळ्यांना लावू नये, ही भरणी करणाऱ्यांची ठाम शिकवण या संशोधनाशी जोडलेली आहे. देवघरातल्या समईला ते चालते, कारण समईला हवेच्या दाबाच्या हजारो पट दाबाचा धक्का सोसायचा नसतो.

कारखान्यातली सफाई वेगळ्या वळणाची. पुंगळी ओढताना पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते भट्टीत मऊ करतात. त्यावर चढलेला ऑक्साइडचा थर सौम्य गंधकाम्लात बुडवून काढतात आणि मग पाण्याने धुतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, वरणगावचा १९६४चा. महाराष्ट्रातल्या कामगारांच्या कित्येक पिढ्या अशा कामात गेल्या. पहिल्या महायुद्धात तोफांच्या मोठ्या पुंगळ्याही फेकल्या जात नसत. ब्रिटिश १८ पौंडी तोफेच्या पुंगळ्या आघाडीवरून गोळा होऊन परत येत, साफ होऊन पुन्हा भरल्या जात, आणि भरणीच्या खुणा त्यांच्या बुडावर ठोकल्या जात. आज संग्रहांत दिसणाऱ्या अनेक पुंगळ्यांवर त्या ओळीने वाचता येतात.

आम्लाचा उपयोग घरीही होत आला. मराठी घरांत पितळेची भांडी चिंचेने उजळतात, त्यामागचे रसायन हेच: चिंचेतले टार्टारिक आम्ल वरचा ऑक्साइड सोडवते. पुंगळ्यांसाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल वापरले जाते. आम्लात वेळ जास्त झाला तर जस्त आधी विरघळून जाते आणि तांब्याची गुलाबी छटा वर येते. अशी पुंगळी भरत नाहीत.

कोरड्या सफाईची कल्पना कारखान्यांतल्या फिरत्या पिंपांतून आली. पिंपात लाकडाचा भुसा आणि पुंगळ्या घालून तासन्‌तास फिरवायचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती भरणीत थरथरणारी यंत्रे आली, आणि भुशाच्या जागी अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा चुरा. अक्रोड घासतो, मका चमक देतो. यात खरा फायदा तपासणीचा आहे. स्वच्छ पितळावर मानेची बारीक चीर दिसते, बुडाजवळ धातू पातळ झाल्याची कडी दिसते, आणि वाळूचा कण अडकून भरणीच्या साच्यावर ओरखडा उठत नाही.

या कोरड्या पद्धतीत धूळ होते आणि टोपीतले शिसे त्या धुळीत उतरते. ती श्वासातून किंवा हातातून पोटात जाऊ नये म्हणून चुरा मोकळ्या हवेत चाळणे, हातमोजे घालणे आणि घरातल्या मुलांना त्यापासून दूर ठेवणे आवश्यक मानले जाते. ओल्या पद्धती पुन्हा पुढे आल्या त्यामागे हेही एक कारण आहे. एकविसाव्या शतकात पाणी, साबण आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना असलेली फिरती पिंपे लोकप्रिय झाली. पिना टोपीच्या खाचेतही शिरतात. ध्वनिलहरींनी पाणी ढवळणारी यंत्रेही वापरात आली. दोन्हींत धूळ उडत नाही, पण शिसे पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतणे टाळतात. पुंगळ्या स्वच्छ पाण्याने खळबळून मंद उष्णतेवर वाळवतात, कारण आत राहिलेला एक थेंबही नवी दारू निकामी करायला पुरतो.