लग्नाची कॅसेट आणि एमपीफोरचा डबा

आजच्या भागाचा विषय बहुतेक तुमच्याच घरात, कपाटाच्या वरच्या खणात पडलाय. आई-बाबांच्या किंवा आत्या-मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. ती आज बघायची म्हटलं तर लावणार कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे कॅसेट ठणठणीत असली तरी ती वाचणारं मशीन मिळेलच असं नाही. घरच्या व्हिडिओंचा सगळा इतिहास याच एका भानगडीभोवती फिरतो.

सुरुवात करू १८९५ पासून. फ्रान्समध्ये लुई ल्युमिएरने आपला भाऊ ऑगस्त आणि वहिनी बाळाला भरवतायत, ते दृश्य टिपलं. मिनिटभराचीही फिल्म नाही ती. २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो प्रसिद्ध खेळ झाला, त्यात ती दाखवली गेली. एका अर्थी ही जगातली पहिली होम मूव्हीच म्हणा ना! आणि गंमत बघा, आज तुम्ही ती मोबाइलवर बघू शकता. कारण ती ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर होती आणि पुढे जगभरच्या सिनेमाने हेच माप धरलं. शिवाय फिल्मची पट्टी उजेडात धरली तरी नुसत्या डोळ्यांना चित्र दिसतं.

पुढे कोडकने घरगुती वापरासाठी १९२३ मध्ये १६ मिलिमीटर, १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आणि १९६५ मध्ये सुपर एट फिल्म आणली. पण सुपर एटच्या एका काडतुसात जेमतेम साडेतीन मिनिटांचं चित्रण मावायचं. शिवाय फिल्म धुऊन आणायचा खर्च वेगळाच.

मग आली कॅसेट. १९७५ मध्ये सोनीचं बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसीचं व्हीएचएस. सुरुवातीच्या बीटामॅक्स टेपवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. चित्र बीटामॅक्सचं सरस मानलं जायचं, पण बाजी मारली व्हीएचएसने. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ लायब्ऱ्या आल्या आणि लग्नात डोळे दिपवणारा लाइट घेऊन फिरणारा शूटिंगवालाही आला. मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी, सगळं एका कॅसेटवर. वर सिनेमातल्या गाण्यांचं मिक्सिंग!

खरं नुकसान झालं ते यानंतर. १९९३ मध्ये व्हीसीडी आली. लोक कॅसेट दुकानात द्यायचे, दोन-तीन चकत्या घेऊन घरी यायचे आणि ‘आता हिचं काय काम’ म्हणून कॅसेट टाकून द्यायचे. पण व्हीसीडीवर चित्र असतं फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, आणि सेकंदाला सव्वा मेगाबिटही डेटा नाही. त्यामुळे गर्दीतले चेहरे म्हणजे नुसते चौकोन. त्या चेहऱ्यांतले काही जण आज आपल्यात नाहीत, आणि टाकलेली कॅसेट काही परत येत नाही.

आता आजचं बोलू. एमपीफोर हा फक्त डबा आहे. आतला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, ते ठरवतो कोडेक. म्हणून एक एमपीफोर टीव्हीवर चालते, दुसरी चालत नाही. एच.२६४ हा कोडेक २००३ चा. फोन, टीव्ही, जुना लॅपटॉप, जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ चा एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र देतो, पण जुनी उपकरणं तिथे अडतात. २०१८ चा एव्हीवन आणखी जागा वाचवतो, पण तो चालवणारी उपकरणं त्याहून कमी.

मग करायचं काय? कॅसेट डिजिटल करायला दिलीत तर डीव्हीडी मागू नका, पेन ड्राइव्हवर फाइल मागा. एच.२६४, एमपीफोर, ७२० बाय ५७६, सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास. तासाला सव्वादोन जीबी होतील, तीन तासांचं लग्न सात जीबीत बसेल. एचडी किंवा फोरके करून घेण्यात अर्थ नाही. टेपवर जे नाही ते कुठून येणार? जुना टीव्ही एक आड एक रेषा दाखवायचा. म्हणून फोनवर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते घालवण्यासाठी एक्सपोर्ट करताना डीइंटरलेस चालू करा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. चित्राचा आकार ४:३ च राहू द्या, नाहीतर सगळं वऱ्हाड जाडजूड दिसेल.

फोनवर स्वतः शूट केलेल्या व्हिडिओची मूळ फाइल कधीच उडवू नका. एडिट केलेली प्रत वेगळी ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. दर काही वर्षांनी त्या उघडून बघा आणि नवीन फॉरमॅट रुळला की जुनं मशीन चालू असतानाच त्यात उतरवून घ्या.

आणि हो, कॅसेट डिजिटल झाली तरी ती टाकू नका. उद्या आणखी चांगलं काढून देणारा कुणी भेटला, तर मूळ तिच्यातच आहे.

या रविवारी तेवढा तो वरचा खण उघडा. भेटू पुढच्या भागात!