तारमास्तरांचा कान

आमचे मानपुर आग्रा-मुंबई रस्त्यावरचे. दिवसभर ट्रकांचे भोंगे, बाजारात हिंदीचा गलबला. त्यातूनच कुणी 'अगं, थांब जरा' म्हटले की मान आपोआप वळते. कान सगळे ऐकतो, पण आपले तेवढे उचलतो. हे मला प्रथम समजावले ते माझ्या थोरल्या काकांनी. ते तारमास्तर होते.

१८५४ साली आग्रा-मुंबईची तार इंदूरवरून गेली. ओशॉनेसी साहेबांच्या पहिल्या यंत्रात सुई डावी-उजवी हले. तिच्याकडे डोळे लावून बसावे लागे. पुढे मोर्सचे यंत्र आले. त्यात कागदी पट्टीवर खुणा उमटत. परंतु अमेरिकेतल्या तारमास्तरांच्या लवकरच ध्यानात आले की, नुसत्या 'कड-कट्ट' आवाजावरून अक्षरे कळतात! पट्टी मागे पडली, साउंडर आला. ऐकणे कानाकडे गेले, डोळे आणि हात लिहायला मोकळे झाले. ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी १८९७ व १८९९ साली तारमास्तरांचा अभ्यास केला. नवशिका एकेक अक्षर ऐकतो, मुरलेला माणूस अख्खे शब्द, असे त्यांना आढळले.

काका सांगत, खोलीत चार यंत्रे खडखडत असली तरी आपल्या ठाण्याची हाक बरोबर ऐकू येई. १९६६ साली एका दुपारी त्यांनी अशीच एक तार शेवटपर्यंत उतरवून घेतली आणि मग वाचली. ती आत्याच्या सासरी आली होती, आजोबा गेल्याची. "हात थांबला नाही रे," एवढेच ते पुढे म्हणत.

१४ जुलै २०१३ रोजी देशात तारा स्वीकारणे बंद झाले. आता आवाज खिशात आहे. काकांच्या खोलीत एकच हाक आपली असे; फोनची प्रत्येक टुणटुण आपलीच वाटते. २०१५ साली फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसले की, फोनला हात न लावताही नुसत्या सूचनेने एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात.

गेल्या वार्षिक परीक्षेत वर्गात माझाच फोन वाजला. चाळीस माना वर झाल्या. एका मुलीची बेरीज मोडली. तिने सगळे खोडून पुन्हा मांडले. मी तिची माफी मागितली.

तेव्हापासून फोन ऑफिसच्या खणात असतो. शाळेत वाजतो तो फक्त पितळी टोल. त्याचा अर्थ प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.